सनद शेटजींची, सील पोराचे

दिवाळी अंकात कस्टमचा विषय निघालेला पाहून वाचकांनी, विशेषतः वाचक भगिनींनी, घाईने पान उलटू नये अशी माझी आरंभीच विनंती आहे. विषय मी शोधून आणलेला नाही. गेल्या भाऊबीजेला तो माझ्याच घरी, पाटावर बसून, चिवड्याची बशी हातात घेऊन आला.

आम्ही उरणचे. येथील एका शाळेत मी चित्रकला शिकवते. माझे शिक्षण दहावी आणि त्यापुढे चित्रकला शिक्षकाची पदविका, एवढेच. कादंबऱ्या लिहिते त्या रात्री, घरातले सगळे निजल्यावर. आमच्या गच्चीवरून नाव्हा-शेव्याच्या बंदरातील क्रेनचे दिवे दिसतात. ते बंदर १९८९ साली सुरू झाले तेव्हा मी चौथीची परीक्षा दिली होती. म्हणजे बंदर आणि मी एकत्रच वाढलो म्हणायला हरकत नाही. शाळेत जाताना रोज त्या लांबलचक ट्रेलरगाड्यांमधून वाट काढते. त्यांच्यावरच्या लाल-निळ्या कंटेनरांत काय असते याचा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता.

तर गेल्या भाऊबीजेला दरवर्षीप्रमाणे नणंदबाई यजमानांसह ओवाळायला आल्या होत्या. भावोजींचा धंदा कस्टम ब्रोकरचा. म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वतीने कस्टममध्ये कागद दाखल करायचे, जकात भरायची, माल सोडवायचा. पंचवीस वर्षे ते हेच करीत आहेत. माणूस सज्जन आहे, हे मी आधीच सांगून ठेवते. कारण पुढे मी त्यांच्यावर बरेच तोंडसुख घेणार आहे.

त्या दिवशी भावोजी खुशीत होते. त्यांच्या एका मोठ्या पार्टीला (या धंद्यात गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात) सरकारकडून सनद मिळाली होती. तिचे नाव ऑथराइज्ड इकॉनॉमिक ऑपरेटर. ते तोंडात मावत नाही म्हणून सगळे ए. ई. ओ. म्हणतात. मी तिला आपली विश्वासू व्यापाऱ्याची सनद म्हणते. ज्या व्यापाऱ्याचा व्यवहार चोख, हिशेब नीट, गोदामाला कुंपण आणि पहारा, मालावर आणि माणसांवर नजर, त्याला सरकार ही सनद देते. मग त्याच्या मालाची तपासणी कमी होते, बँकेच्या हमीत सवलत मिळते, वरच्या श्रेणीच्या आयातदाराला जकात माल सोडवतानाच न भरता मागाहून भरता येते. बदल्यात व्यापाऱ्याने एकच करायचे: आपल्या मालातून चोरटा माल, शस्त्र किंवा विष देशात येणार नाही आणि देशाबाहेर जाणार नाही, याची राखण स्वतः करायची.

“सनद काचेत घालून ऑफिसात लावली आहे,” भावोजी म्हणाले. “शेटजींनी पेढे वाटले.”

मी विचारले, “आणि आमच्या मुलाचं काय झालं?”

भावोजींनी बशी खाली ठेवली. नणंदबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, सणाच्या दिवशी हे काढायलाच हवे होते का? काढायला हवेच होते. कारण त्या कंपनीच्या गोदामात सील मारायच्या कामावर जो मुलगा होता, तो माझा विद्यार्थी. भावोजींकडे शब्द टाकून मीच त्याला तिथे चिकटवून दिले होते. आणि सनद भिंतीवर लागायच्या महिनाभर आधी त्याला घरी बसवण्यात आले होते.

त्याची हकीकत सांगण्यापूर्वी, भावोजी त्यावर जे बोलले ते सांगते. कारण ते एकट्या भावोजींचे मत नाही; गावोगावच्या पेढ्यांवर हेच ऐकू येते. ते म्हणाले, “वहिनी, सरहद्द सांभाळायला सरकार पगार देतं. कस्टम आहे, पोलीस आहेत, तटरक्षक दल आहे. व्यापाऱ्यानं व्यापार करावा. त्याच्या गोदामातल्या पोरानं जेम्स बाँड व्हायची काय गरज?”

वरवर पाहता हे शहाणपणाचे वाटते. पण ज्याला रायगडचा किनारा ठाऊक आहे त्याने तरी असे बोलू नये. १९९३ साली मी आठवीत होते. त्या वर्षीच्या १२ मार्चला मुंबईत जे स्फोट झाले, त्यांत २५७ माणसे मेली. ते आर. डी. एक्स. आले कोठून? आमच्याच जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात, शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरले. त्याआधी जानेवारीत दिघीला शस्त्रे उतरली होती. किनाऱ्यावर सरकार नव्हते काय? होते. कस्टमचे अधिकारी होते, पोलीस होते. त्यांच्यातल्या काहींनी पैसे घेतले आणि गाड्या जाऊ दिल्या. पुढे विशेष न्यायालयाने त्यांना २००६ साली दोषी ठरवले आणि २००७ साली शिक्षा दिल्या. पगार देऊन ठेवलेली राखण विकली जाते, ही गोष्ट आम्हाला कोणी पुस्तकातून शिकवायला नको.

आणि आपण तरी कुठे धुतल्या तांदळाचे होतो? माझ्या आजोळी एक मनगटी घड्याळ होते. मामा ते पाहुण्यांना दाखवताना आवाज खाली आणून सांगे, “लाँचनं आलंय.” त्या खालच्या आवाजात लाज नव्हती, ऐट होती. बाहेरचे कापड, बाहेरचा रेडिओ, बाहेरची अत्तराची कुपी. सणासुदीला असली एखादी वस्तू घरात असणे हा प्रतिष्ठेचा भाग होता. ज्या वाटेने घड्याळ येते त्याच वाटेने एक दिवस दुसरे काही येईल, हा विचार मामाच्या किंवा आमच्या मनाला शिवला नाही. वाट एकदा पडली की तिच्यावरून कोण चालतो हे वाट विचारीत नाही.

व्यापारी वेगळा आणि सरहद्द वेगळी, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे असेही नव्हे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळच्या आपल्या अधिकाऱ्याला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगिजांच्या बारदेशातून येणारे मीठ स्वस्त पडून आपल्या मुलखातले मीठ बुडेल, म्हणून त्यावर जबर जकात बसवा, अशी त्यात आज्ञा आहे. मिठागरांच्या उरणात वाढलेल्या मुलीला हे पत्र न आवडले तरच नवल. पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात सावकारांना राज्याची शोभा म्हणून गौरवले, त्यांना मान द्यावा, बोलावून आणून वसवावे असे सांगितले. आणि त्याच प्रकरणात टोपीकरांविषयी बजावले की हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी राजे आहेत, यांना किनाऱ्यावर कायमची जागा देऊ नये. कोणता व्यापारी विश्वासाचा आणि कोणता नव्हे, हे पारखण्याची अक्कल तीनशे वर्षांपूर्वी या मातीत होती. त्या इशाऱ्याकडे पुढच्यांनी किती लक्ष दिले, तो इतिहास निराळा.

आजची ही सनदेची कल्पना अर्थात आज्ञापत्रातून आलेली नाही. न्यूयॉर्कचे मनोरे ११ सप्टेंबर २००१ रोजी पाडले गेले, तेव्हा अमेरिकेला एकदम जाणवले की विमानातून जे आले ते उद्या कंटेनरातूनही येऊ शकेल. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिथल्या कस्टमने सात बड्या आयातदारांना बरोबर घेऊन व्यापाऱ्यांच्या सहकार्याची योजना सुरू केली. २००५ साली जागतिक सीमाशुल्क संघटनेने देशोदेशींसाठी तिचा आराखडा केला. आपल्याकडे २०११ साली सुरुवात झाली आणि २०१६ साली तिला आजच्या तीन श्रेणी मिळाल्या. एका देशाचा विश्वासू व्यापारी दुसऱ्या देशानेही विश्वासू मानावा, असे करारही झाले आहेत; अमेरिकेशी आपला तसा करार २०२१ सालचा आहे.

कल्पना मला मान्य आहे. नुसती मान्य नाही, ती अपरिहार्य आहे असे मी म्हणते. नाव्हा-शेव्याला रोज हजारो कंटेनर येतात आणि जातात. प्रत्येकाचे दार उघडून पाहायचे म्हटले तर पनवेलपर्यंत रांग लागेल आणि नाशिकची द्राक्षे रस्त्यातच कुजतील. म्हणून कस्टम थोडेच कंटेनर उघडते आणि बाकीच्यांवर विश्वास टाकते. तुम्ही आम्ही तरी काय करतो? गावाला जाताना घराची किल्ली शेजारणीकडे देतो. तिच्यावर पहारा बसवीत नाही. पण शेजारणीने ती किल्ली आपल्या मोलकरणीच्या हाती द्यावी, त्या मोलकरणीने “बाई, त्या घरात कोणी शिरल्यासारखं वाटतं,” असे सांगताच तिलाच कामावरून काढावे, आणि आपण परत आल्यावर विश्वासू शेजारीण म्हणून मिरवावे, हे मात्र मला कोणी समजावून सांगावे.

आता त्या मुलाची हकीकत.

पूर्वी कारखान्यात निर्यातीचा माल कंटेनरमध्ये भरताना सरकारी अधिकारी हजर राहत आणि सरकारी सील लागे. २०१७ सालापासून ती पद्धत गेली. परवानगी असलेला निर्यातदार आता स्वतःच सील मारतो. हे सील म्हणजे जाड पोलादी खिळा असतो, त्यात इलेक्ट्रॉनिक चकती असते. एकदा दाबले की कापल्याशिवाय निघत नाही. त्याचा क्रमांक, कंटेनरचा क्रमांक, गाडीचा क्रमांक, सगळे कस्टमला कळवायचे आणि बंदराच्या दाराशी ते यंत्राने वाचले जायचे. सरकारने आपली मोहोर व्यापाऱ्याच्या हाती दिली, इतकी ही मोठी गोष्ट आहे. आणि व्यापाऱ्याने ती कोणाच्या हाती दिली? ठेकेदाराकडून महिन्याच्या कराराने घेतलेल्या, बारावी नापास, बावीस वर्षांच्या पोराच्या.

पोर हुशार होते. माझ्या वर्गात तो निसर्गचित्रात कच्चा, पण वस्तुचित्रात पक्का. समोर तांब्या ठेवला तर त्याच्या पोचेसुद्धा काढायचा. कामाला लागल्यावर एकदा घरी आला आणि मोठ्या उत्साहाने मला सांगू लागला: “बाई, मोकळा कंटेनर आला की सात ठिकाणी बघायचं. समोरची भिंत, दोन्ही बाजू, तळ, छत, दारं आतून-बाहेरून, आणि खालची चौकट. भिंतीवर ठोकून आवाज ऐकायचा. आतून लांबी मोजायची, म्हणजे मागं खोटी भिंत असली तर कळतं. सील मारल्यावर नंबर बघायचा, कागदाशी ताडायचा, ओढायचं आणि पिळायचं.” हे सगळे त्याला एका जुन्या ड्रायव्हरने शिकवले होते. कंपनीने दिलेले शिक्षण म्हणजे इंग्रजीत छापलेला एक कागद. त्याच्या तळाशी सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि फाइलला लावला. श्रावणात सरकारी अधिकारी गोदाम पाहायला आले. त्याआधी भिंतींना रंग दिला, कॅमेरे बसवले, पोरांना नवे गणवेश आणि गळ्यात ओळखपत्रे दिली. अधिकाऱ्यांनी कुंपण पाहिले, कॅमेरे पाहिले, नोंदवह्या पाहिल्या, फाइल पाहिली. सील मारणाऱ्याला कोणी काही विचारले नाही.

मग गणपतीच्या दिवसांतली ती संध्याकाळ. पाऊस कोसळत होता. मोकळा कंटेनर उशिरा आला. घाईघाईत त्यात स्टीलच्या भांड्यांची खोकी भरली गेली. बंदरात गाडी रात्री ठरलेल्या वेळेपर्यंत आत जायला हवी होती, नाहीतर ते जहाज चुकणार. दारे लावली, दिवा जवळ घेतला आणि हा सील मारायला गेला, तोच त्याला दिसले की उजव्या दाराच्या दांड्यावरील दोन रिवेटांचा निळा रंग बाकीच्या निळ्यापेक्षा वेगळा आहे. नवा आहे, आणि किंचित हिरवटाकडे झुकणारा आहे.

तुम्हाला वाटेल, निळ्यात एवढे काय? चोरांची एक रीत अशी आहे की सीलला हातच लावायचा नाही. दांड्याचे रिवेट कापायचे, दांडा सोडवायचा, दार उघडायचे, हवे ते आत ठेवायचे किंवा बाहेर काढायचे, मग खोटे रिवेट बसवून रंग फासायचा. सील जसेच्या तसे, क्रमांक तोच, यंत्र म्हणते सर्व ठीक. आमच्या बंदरातून असे रक्तचंदन गेल्याच्या गोष्टी पोरांना ठाऊक असतात. भांडी म्हणून निघालेला कंटेनर वाटेत कुठेतरी थांबतो आणि लाकडे घेऊन बंदरात पोचतो. युरोपात अँटवर्प आणि रॉटरडॅमला उलट प्रकार चालतो. भल्या व्यापाऱ्याच्या फळांच्या कंटेनरमध्ये दाराशीच कोकेनच्या पिशव्या टाकतात, सोबत तसलेच दुसरे सील ठेवतात, आणि पलीकडच्या बंदरात टोळीची माणसे पिशव्या काढून घेऊन ते नवे सील लावतात. व्यापाऱ्याला पत्ताही नसतो.

पोराने सील मारायला नकार दिला. “हा कंटेनर बदला,” म्हणाला. सुपरवायझर ओरडला, ठेकेदाराला फोन गेला, शेटजींना फोन गेला. पोर हटले नाही. दुसऱ्या कोणी सील मारावे तर नोंद त्याच्या नावावर. गाडी राहिली, जहाज गेले.

येथे मी कादंबरी लिहीत असते तर दुसऱ्या दिवशी त्या दारात काहीतरी भयंकर सापडले असते आणि पोराचा सत्कार झाला असता. पण काही सापडले नाही. कंटेनर ज्या यार्डातून आला होता तिथे दांडा खरोखरच दुरुस्त केला होता आणि हाताशी होता तो निळा रंग लावला होता. माल उतरवणे, दुसरा कंटेनर, पुढच्या आठवड्याचे जहाज, यांत कंपनीला लाखभराचा फटका बसला म्हणतात. महिनाअखेरीस ठेकेदाराने पोराचा करार पुढे चालू केला नाही. कारण दिले नाही. पुढच्या महिन्यात सनद आली.

भावोजींचे सगळे म्हणणे या न सापडण्यावर उभे आहे. “होतं का काही आत? नव्हतं. मग?” मग काय, भावोजी! अहो, रात्री दाराशी खुडबूड झाली म्हणून तुम्ही उठलात, दिवा लावलात, आणि मांजर निघाले, तर नणंदबाई दुसऱ्या दिवशी तुम्हाला घराबाहेर काढतात काय? दहा वेळा मांजर निघेल तेव्हा अकराव्या वेळी चोर सापडेल. ज्याला मांजरासाठी उठल्याबद्दल शिक्षा होते, तो चोरासाठी उठणार नाही. पांघरूण ओढून घेईल आणि सकाळी म्हणेल, मला काही ऐकूच आले नाही.

आणि सापडते तेव्हा काय सापडते तेही पाहा. २०२० सालच्या ऑगस्टमध्ये याच नाव्हा-शेव्याला १९१ किलो हेरॉईन पकडले. ते कशात होते? प्लास्टिकच्या नळ्यांत, आणि त्या नळ्या बांबूसारख्या दिसाव्यात म्हणून रंगवलेल्या होत्या. कागदावर आयुर्वेदिक औषधी. पुढच्याच वर्षी गुजरातेत मुंद्रा बंदरात सुमारे ३,००० किलो निघाले, ते टाल्क दगडाच्या नावाखाली अफगाणिस्तानातून इराणच्या बंदरामार्गे आलेले. जगातले मोठमोठे चोर आज रंगकामावर पैसे खर्च करीत आहेत, आणि रंगातला फरक ओळखणारा डोळा आपण महिनाअखेरीस घरी पाठवतो. चित्रकलेच्या शिक्षिकेला याचा राग आला तर तिला क्षमा असावी.

भावोजींचे दोन मुद्दे मात्र मी मनापासून ऐकून घेतले. एक, संशय आला म्हणून व्यापारी आपण होऊन कस्टमकडे गेला तर त्याचाच माल अडकून पडतो, त्यालाच दहा प्रश्न विचारले जातात, आणि पुन्हा जायची त्याला बुद्धी होत नाही. हे असेल तर तो दोष सरकारचा, आणि तो मोठा आहे. सहकार्य म्हणायचे आणि सहकार्य करणाऱ्याला आरोपीसारखे उभे करायचे, असे दोन्ही चालणार नाही. लहान व्यापाऱ्याला तर हे मुळीच झेपणारे नाही. सनदेच्या अटी लहान उद्योगांसाठी २०२० साली सैल केल्या, ते चांगलेच झाले. पण इचलकरंजीच्या किंवा सोलापूरच्या एखाद्या छोट्या निर्यातदाराचा एक कंटेनर दहा दिवस अडकला तर त्याची दिवाळी जाते, हे विसरता येत नाही.

दुसरा मुद्दा असा की, “गाडी थांबवायचा हक्क पोरांना दिलात तर उद्या हीच पोरं चहापाण्यासाठी गाड्या अडवतील.” यावर मी भावोजींना विचारले, आणि वाचकांनाही विचारते: ज्याच्यावर गाडी थांबवण्यापुरता विश्वास नाही, त्याच्या हाती सील कसे देता? सील मारणे म्हणजे “या दारामागे जे आहे त्याची मी हमी देतो,” असे म्हणणे. ज्याला ‘नाही’ म्हणायची मुभा नाही, त्याच्या ‘हो’ला कवडीची किंमत नाही. मग ती हमी पोराची राहत नाही, कंपनीचीही राहत नाही. तो नुसता पोलादी खिळा उरतो. चहापाण्यासाठी गाडी अडवणारा एखादा निघेलही. त्याला पकडा. पण त्या भीतीने सगळ्यांचे हात बांधून ठेवणे, आणि वर त्या हातांच्या जोरावर सवलती घेणे, याला मी व्यापार म्हणत नाही.

भावोजी त्या दिवशी चिडले. म्हणाले, “वहिनी, शाळेत बसून बोलणं सोपं आहे. एक जहाज चुकलं की काय होतं हे तुम्हाला ठाऊक नाही.” ठाऊक नाही हे खरे. पण ते जहाज चुकल्याची सगळी भरपाई कोणाकडून वसूल झाली हे मला ठाऊक आहे. शेटजींचा लाख रुपयांचा फटका सनदेच्या सवलतींत केव्हाच भरून आला असेल. पोराचे चार महिने गेले. आता तो उरण-पनवेल रस्त्यावर दुसऱ्याची रिक्षा चालवतो. त्याच्या जागी जो मुलगा आला आहे त्याच्यावर कंपनी फार खूश आहे, असे भावोजींनीच मला सांगितले. त्याने अद्याप एकही गाडी थांबवलेली नाही.

मी काही कस्टमची जाणकार नव्हे. तरीही माझी मागणी मला स्पष्ट दिसते. सनद देण्यापूर्वी जे अधिकारी गोदाम पाहायला येतात, त्यांनी कुंपण आणि कॅमेरे जरूर पाहावेत. पण नंतर सील मारणाऱ्या माणसाला बाजूला घ्यावे, सुपरवायझरला चहा प्यायला पाठवावे, आणि त्याच्या भाषेत विचारावे: तू आजवर गाडी कधी थांबवली होतीस का? थांबवलीस तेव्हा तुझे काय झाले? तुझ्या आधी या जागी कोण होता आणि तो आता कुठे आहे? थांबवलेल्या गाड्यांची नोंदवही मागावी, आणि ती कोरी असली तर शाबासकी देण्याऐवजी भुवई उंचवावी. संशयाने गाडी थांबवली म्हणून ज्या गोदामातून माणूस गेला, त्या गोदामाची सनद जावी. तो ठेकेदाराचा माणूस होता, आमचा नव्हता, ही सबब चालू देऊ नये. सील मारताना तो तुमचाच होता.

हे सगळे मी एका कागदावर लिहून काढले आहे, कस्टम आयुक्तांच्या नावे. कंपनीचे नाव त्यात घातलेले नाही, कारण पोराने घालू नका म्हणून सांगितले. त्याला अजून या रस्त्यावर पोट भरायचे आहे. कागदावर माझी सही आहे, आमच्या शाळेतल्या सहा जणांच्या आहेत, आणि त्याला सातही बाजू शिकवणाऱ्या जुन्या ड्रायव्हरचा अंगठा आहे. एक जागा मी रिकामी ठेवली आहे. यंदाच्या भाऊबीजेला भावोजी येतील तेव्हा तो कागद मी त्यांच्यापुढे ठेवणार आहे. पंचवीस वर्षे कस्टममध्ये काढलेल्या माणसाच्या सहीला तिथे जी किंमत आहे ती माझ्या सहीला नाही. ते सही करतील की नाही मला सांगता येत नाही. नणंदबाई म्हणतात, आधी फराळ होऊ द्या, मग काढा. तेवढे मी कबूल केले आहे.